तुमचं किती आलं, महादेवराव?

महादेवराव, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रेशर बघायला दंडाला पट्टी बांधून बसलो होतो. पट्टी फुगत होती. वैशाली फोन कानाला लावूनच बाहेर आली, समोरच्या खुर्चीत मटकन बसली आणि म्हणाली, "दाजी गेले." त्याच वेळी मशीननं आकडा दाखवला. एकशे बहात्तर. माणूस किती हलका असू शकतो बघा, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की तुमचं किती असेल.

रडू नंतर आलं. गाडीत, आश्रम चौकातल्या सिग्नलला. पण तो पहिला विचार गेला नाही, आणि त्याला निव्वळ मत्सर म्हणून सोडून देता येत नव्हतं. तुम्हाला आठवत असेल, दिवाळीत मी सगळ्यांसमोर तुम्हाला सांगितलं होतं की आता गोळी बंद करा. तुम्ही "बरं" म्हणाला होतात. त्यानंतर तीन महिने झाले नाहीत तोच एका सकाळी गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघरात तुम्ही स्टुलावर टेकलात, "जरा बसतो" म्हणालात आणि उठला नाहीत. हॉस्पिटलात हृदय म्हणाले. मी मात्र तेरा दिवस एकच गोष्ट चघळत होतो. तुम्ही माझं ऐकलं होतंत की नाही?

तुमचा जन्म, नोकरीची वर्षं, मागे कोण कोण, हे मराठी मंडळाच्या फलकावर लागलं आहे. ज्यांना हवं ते वाचतील. मी तुमच्यामाझ्यातलं लिहितो.

साडू हे नातं कोणी मागून घेत नाही. माणूस बायको बघायला जातो, साडू फुकट मिळतो. पुढे जन्मभर सासुरवाडीला दोघांना शेजारी बसवून तुलना होते. आपल्यात ती सोपी होती, निदान मला तसं वाटायचं. तुम्ही सातवी पास, दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या गेस्ट हाउसात आचारी. मी एम.टेक., नोएडात काचेच्या इमारतीत बसून दुसऱ्यांच्या आकड्यांचे आलेख काढणारा. तुम्ही थोरलीचे, मी धाकटीचा. तुम्ही मुनिरकात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचात, सुनंदाताई परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी पोरांना डबे घालायच्या. आमच्या सोसायटीत स्विमिंग पूल होता. सामना सुरू व्हायच्या आधीच मी जिंकलेला होतो. मग आपल्या दोघांना प्रेशर निघालं.

तेही एकाच दिवशी. मंडळाच्या गणपतीत आरोग्य तपासणीचं टेबल लावलं होतं, मोदकांच्या रांगेच्या अलीकडे. तुमचं एकशे अडुसष्ट आलं, माझं एकशे चौसष्ट. मी चारने पुढे होतो. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मी एक मोदक जास्त खाल्ला.

सुरुवातीला तुमचं सगळं चुकत होतं आणि मला फार बरं वाटत होतं. प्रेशर म्हणजे डोकं दुखणं, अशी तुमची समजूत. डोकं दुखलं तर गोळी, नाहीतर नाही. "आज नाहीये मला बीपी," असं तुम्ही सुट्टी असल्यासारखं सांगायचात. पाकिटावरचं इंग्रजी तुम्हाला वाचता यायचं नाही, रंगावर चालायचं. मग एकदा दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची दिली. रंग वेगळा, म्हणून तुम्ही ती वेगळी गोळी समजून जुनी आणि नवी दोन्ही आठवडाभर घेतलीत आणि सरोजिनी नगरच्या बाजारात मोज्यांच्या ढिगावर आडवे झालात. सुनंदाताईंचा फोन मला आला. मी गाडी काढून आलो, वाटेत म्हणालोसुद्धा, "अहो, इतकं साधं वाचता येत नाही तर मला फोटो तरी पाठवायचा." तुम्ही म्हणालात, "चुकलंच." वाद घालायला काही ठेवायचाच नाहीत तुम्ही. ती तुमची वाईट सवय होती.

त्याच दिवशी मी तुम्हाला तुमच्या सरकारी दवाखान्यात नेलं, आणि माझी पडझड तिथून सुरू झाली. डॉक्टरीणबाई घाईत होत्या, बाहेर रांग होती. त्यांनी भराभर सांगितलं, तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "मॅडम, समझा नहीं. फिर से बोलो." त्यांनी पुन्हा सांगितलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, "वो ऊपर का समझा. नीचे का क्या है?" मला लाजच वाटली. मी दुसरीकडे बघत होतो, तुमच्याबरोबर आलो नाही असं दाखवत. पण कान तिकडेच होते. कारण, महादेवराव, खालचा आकडा म्हणजे काय हे मलाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षं मी तो रोज लिहीत होतो, त्याचा निळा आलेख काढत होतो. कोणाला विचारणार? माझ्या डॉक्टरनं मला कधी समजावलंच नाही. एम.टेक. बघून तो म्हणायचा, "आप तो समझते ही हैं," आणि मी म्हणायचो, "बिल्कुल."

त्या बाई म्हणाल्या, दिल दबाता है तब ऊपर वाला, दिल आराम करता है तब नीचे वाला. तुम्ही क्षणभर विचार केलात. "मतलब कुकर. सीटी के टाइम का एक, और दो सीटी के बीच में जो अंदर रहता है वो दूसरा." बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मैं कल से सबको ऐसे ही बताऊंगी. बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "तुम्हाला तर माहीतच असेल हे." मी म्हणालो, "अर्थात."

त्या दिवशी मी एकच कामाची गोष्ट केली. काळा मार्कर आणून तुमच्या पाकिटावर मराठीत लिहिलं, 'प्रेशर. रोज सकाळी एक. डोकं दुखो न दुखो.' आणि औषधाचं नाव कुठे बघायचं ते दाखवलं, रंग नाही, नाव. तुम्ही ते नाव चित्रासारखं पाठ केलंत. पुढची पाच वर्षं तुम्ही दुकानात उभे राहून ते अक्षर अक्षर जुळवून बघायचात, दुकानदार वैतागला तरी. हे माझं तुमच्यावरचं एकमेव कर्तृत्व, आणि तुम्ही ते येईल त्याला सांगायचात. "अविनाशरावांनी शिकवलं." मला ऐकायला आवडायचं. आणि मग लगेच तुमचा आकडा कोणीतरी विचारायचं, आणि मला आवडेनासं व्हायचं.

कारण तो उतरायला लागला होता. दीडशे, एकशे बेचाळीस, एकशे चौतीस. तुमच्या घरच्या मिसळणाच्या डब्यातली मिठाची वाटी तुम्ही काढून टाकलीत आणि तिथे गोळ्यांचं पाकीट ठेवलंत. सकाळी फोडणीला डबा उघडला की हात सवयीनं मिठाकडे जायचा आणि हाताला गोळी लागायची. मीठ वरच्या फळीवर, स्टूल घेतल्याशिवाय न पोचणारं. जन्म गेला तुमचा दुसऱ्यांच्या भाजीत मीठ घालण्यात, आणि स्वतःच्या घरी तुम्ही त्याला असं लांब नेऊन ठेवलंत. मी हे बघून आलो आणि घरी वैशालीला म्हणालो, "किती अशास्त्रीय आहे हे. मसाल्याच्या डब्यात औषध." वैशाली म्हणाली, "तुझं औषध कुठे असतं?" मी विषय बदलला.

माझी पद्धत शास्त्रीय होती. मी गुलाबी मीठ आणलं, महागडं, काचेच्या बरणीतलं, कारण कुठेतरी वाचलं होतं की ते प्रेशरला चालतं. तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात, चिमूटभर जिभेवर ठेवलंत आणि म्हणालात, "हे खारटच लागतंय की."

"ते वेगळं असतं, महादेवराव. त्यात खनिजं असतात."

"असतील. पण खारट कशानं लागतंय मग?"

मी तुम्हाला दहा मिनिटं उत्तर दिलं. पुढच्या महिन्यात तुम्ही दवाखान्यात विचारून आलात आणि फोनवर एवढंच म्हणालात, "मीठ ते मीठच म्हणाल्या मॅडम. तुमच्याकडची बरणी संपली का?" अर्धी होती. मी संपली म्हणालो.

आणि माझा तक्ता. त्याचं तुम्हाला फार कौतुक होतं. मी लॅपटॉपवर दाखवायचो, रोजचे बारा आकडे, सरासरी, चढउतार. एकदा तुम्ही विचारलंत, "हे लाल केलेले कसले?" मी सांगितलं की ते बाद केलेले. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वर गेला तर तो चुकीचा धरायचा, आमच्या कामात असंच करतात. त्या दिवशी साहेबाचा फोन आला असेल, जिना चढलो असेन, मशीन गार असेल. ते काढले की सरासरी एकशे अठ्ठावीस. तुम्ही एका लाल आकड्यावर बोट ठेवलंत. म्हणालात, "आमच्याकडे एखादं पातेलं खारट झालं की ते वाढत नाहीत, बरोबर आहे. पण खारट झालं होतं हे आचाऱ्याला तर ठेवावं लागतं ना ध्यानात?" मी हसलो. त्याच आठवड्यात, त्या एकशे अठ्ठावीसच्या जोरावर, मी माझी गोळी बंद केली. पाकिटातला कागद मी भिंग लावून वाचला होता, त्यात पाय सुजतात असं लिहिलं होतं. माझे पाय सुजले नव्हते. सुजले असते.

हे मी कोणालाही सांगितलं नाही. वैशालीला नाही, डॉक्टरला नाही. दर महिन्याला गोळ्या आणायचो आणि ड्रॉवरमध्ये टाकायचो.

आता दिवाळी. आई आल्या होत्या साताऱ्याहून, दोन्ही लेकींकडे, आणि तुम्ही दोघं पाडव्याला आमच्याकडे. फराळ झाला आणि आईंना हुक्की आली की सगळ्यांचं प्रेशर बघू. मशीन निघालं. आईंचं झालं, वैशालीचं झालं. तुमचं एकशे बावीस. खालचं अठ्ठ्याहत्तर. आई म्हणाल्या, "या वयात? बघा गं, तरण्यासारखं आहे." मग माझ्याकडे वळून, "तुमचं बघू, अविनाशराव." मी म्हणालो, बॅटरी संपत आलीय. आई म्हणाल्या, "आत्ता तर चालत होती." आणि पुढे ते वाक्य, जे मी लग्नापासून वेगवेगळ्या रूपात ऐकत आलोय, "महादेवरावांकडून शिका जरा काहीतरी."

बोलायचं नव्हतं मला. पण माझ्यात जेवढं शिक्षण होतं तेवढं सगळं त्या क्षणी उठून उभं राहिलं. म्हणालो, "महादेवराव, एकशे बावीस म्हणजे नॉर्मल. नॉर्मल माणसानं रोज गोळी का घ्यायची? आजार गेला तरी औषध चालू ठेवायचं, ही अडाणी समजूत आहे. किडनीवर ताण येतो. बंद करा आता."

सगळे तुमच्याकडे बघत होते. तुमच्या हातात अर्धी करंजी होती. तुम्ही म्हणालात, "बरं. तुम्ही म्हणताय तर."

आता जे लिहितो ते लिहिण्यासाठीच बाकीचं लिहिलं. ते मी तुमच्या भल्यासाठी बोललो नव्हतो. गोळी बंद केली की आकडा वर जातो हे मला पक्कं माहीत होतं, माझ्याच लाल रकान्यांत ते लिहिलेलं होतं. तुम्हाला काही व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, शपथ घेतो. फक्त तुमचा आकडा जरा माझ्याकडे यावा. एकशे चाळीस, एकशे पन्नास. सोबत हवी होती मला. आणि आईंनी पुन्हा मशीन काढावं.

म्हणून तुम्हाला न्यायला जी पोरं जमली, सुनंदाताईंच्या डब्यावर जगलेली, मुनिरकाच्या अरुंद जिन्यातून तुम्हाला खाली उतरवताना एकमेकांना "हळू, हळू रे, काकांना धक्का नको" म्हणणारी, त्यांच्यात मी मागे उभा होतो. खांदा द्यायला पुढे झालो नाही. लोकांना वाटलं मला धक्का बसलाय. खरं म्हणजे मी दोन गोष्टी एकाच वेळी करत होतो. आपण या माणसाला मारलं का, असा विचार करत होतो, आणि माझ्या वेळेला सोसायटीच्या लिफ्टपाशी किती लोक येतील ते मोजत होतो. हो, तेव्हासुद्धा.

तेराव्याला पानं उठली, लोक गेले. सुनंदाताई स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. वैशाली ताटं आणून देत होती. मी दारात उभा राहिलो आणि विचारलं, "ताई, महादेवरावांनी गोळी कधी बंद केली?"

त्यांनी वर पाहिलं. "कसली गोळी?"

"प्रेशरची. मी दिवाळीत म्हणालो होतो."

"बंद?" त्यांना खरंच कळेना. "छे हो. रोज घ्यायचे. त्या दिवशीही घेतली, मीच पाणी दिलं." मग त्यांना आठवलं. "हां, ते. भाऊबीज झाल्यावर गेले की ते दवाखान्यात. मॅडमना म्हणाले, माझे साडू फार शिकलेले आहेत, ते बंद कर म्हणतात. त्या म्हणाल्या, आकडा चांगला आहे तो गोळीमुळेच. ह्यांनी आपल्या सवयीप्रमाणे दोनदा विचारून घेतलं आणि आले घरी."

मी ओट्याला टेकलो. देवाची शपथ, असं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. आणि पुढच्याच श्वासाला, महादेवराव, मला राग आला. माझं ऐकलं नाही म्हणून. मला डावलून त्या बाईकडे विचारायला गेलात म्हणून.

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी? बरं म्हणाले माझ्यासमोर."

"आईसमोर बोललात ना तुम्ही. आईसमोर तुमचा शब्द खाली पाडायचा का त्यांनी? धाकटे जावई तुम्ही." ताईंनी पातेलं पालथं घातलं. मग वैशालीकडे एकदा बघितलं आणि थांबल्या. वैशाली म्हणाली, "बोल ना, ताई."

"आता बोलायलाच हवं. ते गेले, आता मीच राहिले बोलायला. अविनाशराव, ते तुमच्याकडे पणत्या लावायला काडेपेटी शोधत होते. देवघराखालचा ड्रॉवर उघडला त्यांनी. तुमच्या गोळ्यांची पाकिटं होती, सगळी भरलेली. गोळी तुमची दोघांची एकच, त्यांना त्या नावाची ओळख होतीच, तुम्हीच दाखवलेली."

"कधी?" मी विचारलं. "फराळाच्या आधी की नंतर?"

"आधी."

म्हणजे मी तुम्हाला किडनीवर व्याख्यान देत होतो आणि तुम्ही करंजी हातात धरून माझ्याकडे बघत होतात, तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. एका शब्दानं मला तिथेच झोपवता आलं असतं, आईंसमोर, बायकोसमोर. मी तुमच्या जागी असतो तर तो शब्द चवीचवीनं वापरला असता. तुम्ही "बरं" म्हणालात.

"मला म्हणाले, वैशालीला सांगू नको, घरात त्यांची मान खाली जाईल," ताई सांगत होत्या. "मी बोलतो म्हणाले, दोघंच बसू तेव्हा. म्हणून तर बोलवत होते तुम्हाला जेवायला. दोन रविवार फोन केला की नाही त्यांनी?"

केला होता. पहिल्या रविवारी मी म्हणालो होतो, ऑफिसचं काम आहे. दुसऱ्या रविवारी म्हणालो, वैशालीची तब्येत बरी नाही. दोन्ही खोटं. मला वाटलं होतं तुम्ही नवा आकडा दाखवायला बोलावताय.

घरी येताना मेट्रोत बसायला जागा मिळाली. वैशाली म्हणाली, "दाजींनी सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"माहीत नाही."

"खरं सांग."

"नसतं ऐकलं. त्यांचं तर नसतंच."

ती खिडकीकडे वळली. रडते की काय म्हणून मी बघितलं, पण ती नुसती थकली होती.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याच दवाखान्यात गेलो. आमच्या डॉक्टरकडे जाऊन वर्षभराचं खोटं कबूल करायची लाज वाटली, म्हणून तुमच्या रांगेत उभा राहिलो. एकशे शहात्तर आलं. बाईंनी नाव विचारलं, पत्ता विचारला, इतक्या लांबून इकडे का म्हणून विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. त्या पाच मिनिटं तुमच्याबद्दल बोलल्या. रांग ताटकळत होती आणि त्या तुमच्याबद्दल बोलत होत्या. मग चिठ्ठी लिहून दिली, माझ्याबद्दल एक वाक्यही न बोलता.

गोळी पुन्हा चालू होऊन आठ दिवस झाले. सकाळी ती आणि कोमट पाण्याचा पेला हातात घेतो आणि तुम्ही त्या रविवारी मला हे कसं सांगितलं असतंत, याची जुळवाजुळव करतो. आधी जेवू घातलं असतंत, हे नक्की. भाकरी, मेथी. पहिलं वाक्य काय असतं? "अविनाशराव, राग येणार नसेल तर", असं नसतं, राग येईल हे तुम्हाला माहीत होतं. कदाचित स्वतःच्याच मोज्यांच्या ढिगाची गोष्ट काढली असतीत, मला हसवलं असतंत, आणि हसता हसता मध्येच ते सरकवलं असतंत, मला कळायच्या आत. की सरळ विचारलं असतंत? तुमच्या आवाजात मी रोज वेगळं वाक्य करून बघतो. रोज ते माझंच वाटतं, शिकलेलं, टोचणारं. ऐकताच नको म्हणावं असं.

तुम्हाला ते जमलं असतं, आणि मी ऐकलंही असतं कदाचित. ते वाक्य काय होतं, महादेवराव? पाणी गार होईपर्यंत मी विचार करतो, आणि मग त्याच्याशिवायच गोळी घेतो.